सोप्या दांडीचा ट्रॅक्टर

कुही,
५ ऑगस्ट १९८४

प्रिय जया,

तुझं पत्र परवा मिळालं. रवींद्ररावांची बदली टळली आणि पोरं खुशाल आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तू लिहिलं आहेस की, 'आई, तू ट्रॅक्टर चालवतेस हे मी क्वार्टरमधल्या सगळ्या बायकांना सांगितलं, तर कोणाचा विश्वासच बसेना.' त्यांचा कशाला बसेल बाई, माझाही अजून बसत नाही. तुझ्या बाबांनी चष्मा सापडत नाही असं म्हणून ते पत्र माझ्याकडूनच दोनदा वाचून घेतलं, मग खिशात घातलं आणि काठी टेकत टेकत शेजारच्या नत्थूजींच्या ओट्यावर गेले. तिथे चष्मा बरोबर सापडला असेल. मी चुलीपाशी बसून राहिले. कढईतलं तेल तापून धूर निघाला तरी फोडणी टाकायचं सुचलं नाही.

बाबांनी मास्तरांकडून तुला जे लांबलचक पत्र लिहवून घेतलं होतं, त्यात अर्धीच हकीकत आहे. मास्तर पडले हौशी, त्यांनी त्यात 'नारीशक्ती' वगैरे घातलं. उरलेली अर्धी मी लिहिते. आज डिझेल संपलं आहे. आपला गडी रुपराव डबे घेऊन मांढळला गेला आहे, आणि तो वाटेत चार ठिकाणी चहा पिऊन येणार, म्हणजे मला दुपार मोकळी आहे. इतकी मोकळी दुपार मला जूननंतर मिळाली नव्हती. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

मागच्या डिसेंबरात बाबा धानाच्या उंच रचलेल्या पुंजण्यावरून पडले, डावी मांडी मोडली, नागपूरच्या मेडिकलमध्ये आत सळई घातली, हे तुला ठाऊक आहे. तू तेव्हा दहा दिवस राहून गेलीस. पण तू गेल्यावरचं घर तू पाहिलं नाहीस. पाय जुळला, पण गुडघा वाकेना. डॉक्टरांनी सांगितलं की चालाल, पण जोर लावायचा नाही. तुझ्या बाबांसारख्या माणसाला जोर लावू नका म्हणणं म्हणजे काय! होळीला बैलजोडी विकली. बैल दावणीतून सोडले तेव्हा बाबा बाहेर आले नाहीत, आत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भैयाजी तेव्हाच येऊन बसला होता. शेजारी म्हणून चांगला माणूस आहे तो, लबाडी नाही त्याच्यात, पण त्याच्या मनात पक्कं बसलं होतं की आता मारोतरावांची जमीन आपण ठेक्यानं करावी आणि मारोतरावांनी ओट्यावर बसून पान खावं. तूही त्याच सुमारास लिहिलंस की जमीन ठेक्यानं देऊन टाका आणि भिलाईला या. ते पत्र मी वाचून दाखवलं. बाबांनी ते ऐकून घेतलं. दोन दिवस जेवले नाहीत तेवढे.

ती जमीन त्यांच्यासाठी काय आहे, हे भैयाजीला कळायचं नाही. आपण कोष्टी. तुझ्या आजोबांनी उमरेडचे तिन्ही माग विकून इथे धानाची जमीन घेतली, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. 'कोष्ट्याले कुठी शेती जमते गा?' हे वाक्य ऐकत तुझे बाबा मोठे झाले. चाळीस वर्षं त्यांनी त्या एका वाक्याला उत्तर दिलं आहे. आमचं लग्न झालं तेव्हाही ते मला पहिल्यांदा घर दाखवायच्या आधी धानाच्या बांध्या दाखवायला घेऊन गेले होते, हळदीच्या पायांनी. आता ठेका दिला असता तर लोक काही म्हणाले नसते, पण बाबांना तेच वाक्य ऐकू आलं असतं. म्हणून या वर्षी धान रोवायच्या आधीची चिखलणी त्यांच्या स्वतःच्या हातानं व्हायला हवी होती, नाहीतर तो माणूस खाटेवरून उठला नसता. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं. पुढचं वाचताना हे विसरू नकोस, म्हणजे तुझ्या बाबांचा राग येणार नाही.

मग निघालं ट्रॅक्टरचं. जुना घ्यायचा, पण असा की ज्याला डावा पाय लागत नाही! असा ट्रॅक्टर असतो तरी का, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या बांध्या तुला माहीतच आहेत, एकेक ओसरीएवढी, प्रत्येकीची पातळी वेगळी. ट्रॅक्टर पुढे चार पावलं जातो न जातो तोच समोर धुऱ्याचा बांध येतो. क्लच दाबा, मागे घ्या, क्लच दाबा, वळवा, पुन्हा पुढे. वर्ध्याकडच्या लांबलचक कापसाच्या वावरात सकाळी गिअर टाकला की दुपारी काढला तरी चालतं. इथे धानाच्या चिखलात दिवसभर नुसतं मागे-पुढे. ज्याचा डावा पाय गेला, त्यानं काय करायचं?

उन्हाळाभर आम्ही वणवण केली. मी, बाबा आणि भैयाजी. भैयाजीला जमीन हवी होती, तरी प्रत्येक फेरीला इमानानं यायचा, हे मात्र त्याचं कबूल केलं पाहिजे. मी कशाला, तर पाण्याची बाटली, गोळ्या, डबा आणि बाबांना वर चढताना मागून आधार. मौद्याला एक पाहिला, त्याचा क्लच भैयाजीलाच दोन पायांनी दाबावा लागला. काटोल रोडवर एक होता, त्याचा मालक बोलायला इतका गोड की मी बाबांना खूण करून उठवलंच. घाट रोडवरचे दुकानदार तर आमची मागणी ऐकूनच हसायचे. एक म्हणाला, 'क्लच नको म्हनता, तं काका बैलच घ्या न!' बैल आत्ताच विकून आलोय हे त्याला कोण सांगणार. नागपूरचा मे महिना, डोक्याला ओला टॉवेल, बाबांचा पाय सुजून दुधीसारखा झालेला, आणि ते प्रत्येक ठिकाणी त्याच उमेदीनं सीटवर चढायचे आणि त्याच गप्प चेहऱ्यानं उतरायचे. मला त्या उतरण्याची भीती वाटायला लागली होती. देवा, एकदाचा कुठलाही ट्रॅक्टर मिळू दे, असं मी मनात म्हणत होते. मागणं जपून मागावं, हे तेव्हा सुचलं नाही.

हिंगण्याला मिळाला शेवटी. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत एका कंत्राटदाराच्या आवारात. विलायती, जुना, रंग उडालेला, आवारातल्या आवारात लोखंडाच्या ट्रॉल्या ओढायला वापरलेला. पण मागे नांगर-फाळ लावायची सोय शाबूत होती. धोंडबा नावाचा ड्रायव्हर होता, त्यानं दाखवलं. स्टेअरिंगच्या खाली डाव्या हाताला एक लहानशी दांडी. पुढे ढकलली की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढली की मागे, मधे ठेवली की उभा. गिअर एकदा टाकला की टाकला, पुढे-मागे करायला क्लचवर पाय ठेवायचं कामच नाही. धोंडबा म्हणाला, 'याले शटल म्हनतेत, काका. लहान पोट्टंबी चालवते.' मला हसू आलं. माझ्या माहेरी शटल म्हणजे मागावरचा धोटा, दिवसभर इकडून तिकडे पळणारा. बाबांना चढवलं. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी दांडी पुढे सारली, ट्रॅक्टर सुळकन पुढे गेला, आणि जया, तुझे बाबा हसले. डिसेंबरपासून त्यांचे दात मी पाहिले नव्हते. मी पदरानं घाम पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आता खरी गंमत ऐक, जी मास्तरांच्या पत्रात नाही. धोंडबा म्हणाला, 'आता मांगं घेऊन पाहा.' बाबांनी दांडीला हात घातला आणि भैयाजी ओरडला, 'अरे थांबा गा! वाहन पसंत पडलं न? मंग पयल्यांदा मांगं नाई घ्यायचं. शगुन मोडते.' झालं. बाबांनी हात काढला. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे नवी सायकल घेतली तरी आधी पुढेच ढकलतात. अगं, ज्या ट्रॅक्टरचं सगळं मोल त्याच्या मागे जाण्यात, तो आम्ही मागे न नेताच घेतला! तिथेच कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. पैसे बैलांचे आणि पोस्टातले होते, कर्ज काढलेलं नाही, ती काळजी करू नकोस. फाटकासमोर एक ट्रक आडवा उभा होता. धोंडबा म्हणाला, जरा मागे घेऊन बाजूनं काढा. छे! ट्रकवाल्याचं जेवण होऊन, तोंड धुऊन, बिडी ओढून होईपर्यंत आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो, पण मागे घेतला नाही. भाड्याच्या ड्रायव्हरला कुहीपर्यंत तीच ताकीद. गावात शिरल्यावर दाराशी वळेना, तर नत्थूजींच्या खळ्यातून मोठा वळसा घालून आणला. त्यांची दोन वांग्याची झाडं गेली, त्याबद्दल अजून ऐकवतात.

पाऊस पडला, बांधीत पाणी साचलं, लोखंडी चाकं लावली, आणि सगळ्या गावाच्या साक्षीनं बाबांनी ट्रॅक्टर पहिल्या बांधीत घातला. पुढे गेला झोकात. धुऱ्यापाशी पोचला. बाबांनी दांडी मागे ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन भुंकतंय, धूर निघतोय, आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. समोर धुरा, मागे गुडघाभर चिखल. आधी एकाला हसू फुटलं आणि मग काय, पोळ्याला जमावी तशी गर्दी. बाबांचं तोंड पाहवत नव्हतं. शेवटी रुपरावनं आणि चार गड्यांनी धुरा खणला आणि ट्रॅक्टर पुढेच बाहेर काढला. घाट रोडवरून मिस्त्री आणला. दांडीखालची आतली एक सळई वाकली होती, शिवाय तेल जुनं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. काम आटोपल्यावर त्यानं साधेपणानं विचारलं, 'घेतेवेळी मांगं घेऊन नाई पाह्यलं काजी?' बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी भैयाजीकडे, आणि भैयाजी पाऊस येतो का म्हणून वर पाहायला लागला.

त्यानंतर मात्र ट्रॅक्टर देवासारखा चालला. बाबा चालवायचे आणि मी डाव्या बाजूला चाकावरच्या पत्र्यावर बसायची, कमरेला पदर खोचून. का, तर त्यांचा पाय कधी आखडेल नेम नाही, कोणीतरी जवळ हवं. रुपराव बसेना. तो बैलांचा माणूस, यंत्र सुरू झालं की धुऱ्यापलीकडे जाऊन उभा राहतो, आणि बाबांचं आपलं ठरलेलं, 'रुपरावचा हात जड हाय, मशीन मोडीन तो.' दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर रोवणीच्या दिवसांत ड्रायव्हर मिळतोय कुठे? शिवाय बाबांचं म्हणणं, मशीन एकाच हाताखाली राहिलं पाहिजे. म्हणून मी. पहाटे स्वयंपाक, मग पत्र्यावर दिवसभर, संध्याकाळी पुन्हा चूल. पण ते दिवस वाईट नव्हते, बाबा गुणगुणायचे. इंजिनाच्या आवाजात ऐकू यायचं नाही, ओठ हलताना दिसायचे.

तळ्याच्या मातीच्या पाळीला लागून आपली जी बांधी आहे, तिथे ते घडलं. ट्रॅक्टर पाळीकडे चालला होता. एकाएकी बाबांच्या मांडीत गोळा आला. असा आला की त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि डोळे मिटले. पलीकडे तळं, पाणी काठोकाठ. मला ओरडायलाही सुचलं नाही. मी हात लांब केला आणि ती दांडी मागे ओढली. बस. ट्रॅक्टर थांबला आणि सरसर मागे आला, मी दांडी मधे केली, उभा राहिला. सगळं मिळून एक जांभई द्यायला लागेल तेवढा वेळ. बाबांनी डोळे उघडले. आधी पाळीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मला वाटलं, आता म्हणतील, वाचवलंस. ते म्हणाले, 'तुले जमते की वं!'

जया, माझं जे व्हायचं ते त्या शब्दांनी झालं. दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या डॉक्टरांनी बाबांना ट्रॅक्टरवर चढायची बंदी केली, आणि बाबा घरी येऊन मुळीच दुःखी झाले नाहीत. मला म्हणाले, तू चालव, मी धुऱ्यावर बसून सांगतो. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाले, 'काहून नाई? तुले दांडी तं पुढं-मांगं करा लागते. सोपं तं हाय.' आणि ते खरंच सोपं आहे गं! तेच तर. अवघड असतं तर मी सुटले असते. क्लच जड असता, गिअर अडत असता, तर चार दिवस झगडून मी म्हटलं असतं की बाईमाणसाचं काम नाही, आणि कोणी बोट दाखवलं नसतं. आम्ही अख्खा उन्हाळा पायपीट करून असा ट्रॅक्टर शोधून आणला की ज्याला नाही म्हणायला जागाच नाही.

तरी मला एक आशा होती. तुला आठवतं, बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणतात. तुझ्या आजीनं एकदा वाटेतला नांगर नुसता बाजूला सरकवला होता, तर नत्थूजींच्या वडिलांनी केवढा गहजब केला होता. मला वाटलं, गाव आता आडवं येईल. मी सीटवर बसले त्या दिवशी मुद्दाम गावातल्या मोठ्या रस्त्यानं गेले, सगळ्यांना दिसावं म्हणून. नत्थूजी ओट्यावर होते. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून वाटच पाहत होते की ते आता हाक मारतील. त्यांनी मारलीही. म्हणाले, 'चालू दे वं मारोतरावची बाई! नांगराले हात नाई लावा बाईनं, पन हे तं मोटार होय.' आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत आडवं येणारं गाव, नेमकं त्या दिवशी समजूतदार झालं. मला तेव्हा इतकं रडू आलं की समोरची शेळी दिसली नाही, थोडक्यात वाचली बिचारी.

तेव्हापासून मी चालवते आहे. आपल्या सगळ्या बांध्यांची चिखलणी मी केली. बाबा धुऱ्यावर छत्री घेऊन बसतात आणि काठीनं खुणा करतात, पुढे घे, मागे घे, कोपरा राहिला. त्यांचा रंग बदलला आहे, जेवण वाढलं आहे, रात्री शांत झोपतात. भैयाजीनं ठेक्याचं नाव टाकलं आणि उलट म्हणाला, 'वहिनी, माझ्याबी दोन बांध्या घ्या.' बाबांनी हो म्हटलं. मग नत्थूजींच्या. मग त्यांच्या जावयाच्या. मला विचारलं नाही असं नाही. विचारतात, 'थकली तं नाई न वं?' आणि मी नाही म्हणते. का म्हणते? मीच मला विचारते. त्यांचा चेहरा इतका उजळलेला असतो, की त्यावर पाणी ओतायला हात उचलत नाही. पण जया, माझे कान संध्याकाळी गुणगुणतात. खाटेवर पडले तरी खाट हलते आहे असं वाटतं. पाठीचा मणका एकेक मोजून दुखतो. बोटांना सुई धरवत नाही. माझं वय चोपन्न आहे. रोवणीच्या बायका बांधावरून ओरडतात, 'पुष्पाबाई, तुमची मजा हाय, बसल्या बसल्या काम!' खरंच आहे, बसूनच असते मी.

आता काल नवीनच निघालं आहे. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झाल्यावर माझा सत्कार करणार आहेत. मास्तरांनी ठरवलं, सरपंचांनी उचलून धरलं. शाल, नारळ, आणि नागपूरहून पेपरवाला फोटो काढायला. बाबांनी ट्रॅक्टरला रंग द्यायचं ठरवलं आहे, लाल. शिवाय ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत की पुढच्या उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावर दुसरं धान घेणार, 'आता आमच्या घरी ड्रायव्हर हाय.' इतकी वर्षं मी त्यांची बायको होते, आता ड्रायव्हर झाले, आणि ते हे इतक्या कौतुकानं म्हणतात की रागवायचं तरी कसं? तुझंही पत्र त्याच्या आदल्याच दिवशी आलं. 'आई, मला तुझा फार अभिमान वाटतो.' तू प्रेमानंच लिहिलंस, मला ठाऊक आहे. पण तो अभिमान वाचून मला दम लागला बेटा. मला वाटलं होतं, निदान तू तरी विचारशील, आई, तुला हे करायचं होतं का.

तर मी हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. रोवणी दहा तारखेपर्यंत उरकते. काम अर्धवट टाकून मी यायची नाही, आणि ज्यांना शब्द दिला त्यांच्या बांध्याही पुऱ्या करून देईन. पण तू चौदा तारखेच्या आत ये आणि मला घेऊन जा. आधी कळवू नकोस, नुसती ये. बाबांना जेवणाखाण्याची अडचण पडणार नाही, रुपरावच्या बायकोला मी सांगून ठेवलं आहे. ट्रॅक्टर कोणी चालवायचा ते बाबांनी ठरवावं, रुपराव भीत भीत शिकेल नाहीतर जमीन भैयाजी करेल. मला ती शाल अंगावर घ्यायची नाही. साऱ्या गावासमोर एकदा ती अंगावर पडली की मग मरेपर्यंत मी सीटवरून उतरत नाही. तुला खोटं बोलायला लावणार नाही, तुझी तब्येत बिघडली वगैरे काही सांगायचं नाही. मी थकले आहे, मला जायचं आहे, एवढं मी स्वतःच सांगेन त्यांना, त्यांच्या तोंडावर. तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा. कारण मी एकटी असले, तर ते माझ्याकडे बघून म्हणतील, 'काहून वं? सोपं तं हाय,' आणि मी मुकाट्यानं जाऊन पुन्हा त्या ट्रॅक्टरवर बसेन. बाबांची मला भीती नाही गं. मला माझाच भरवसा वाटत नाही.

पोरांना पापा. लवकर निघ.

तुझीच,
आई